मागच्या बाकावरचा शेरा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. तोंडावर बोलायची छाती कधी झाली नाही, म्हणून आज लिहितोय.

इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मुंबईतल्या आपल्या कॉलेजात तेव्हा एक रीत होती. नव्या लेक्चररचे तास ज्येष्ठ प्राध्यापकाने वर्षभर मागच्या बाकावर बसून ऐकायचे आणि शेवटी शेरा द्यायचा. शेरा चांगला, तर नोकरी कायम. मी वसईच्या खाडीकाठचा, तुम्ही वसईतल्याच पापडी गावचे, पानकेळीच्या वाडीचे मालक. म्हणून मला तुमच्याच हाताखाली दिलं. वडील केवढे खूश! "आपल्याकडचाच मानूस हाय, सांभाळून घेल," म्हणाले.

दर रविवारी मी पापडीला यायचो. तुम्ही पानवेलींना पाणी सोडत असता, रहाट कुरकुरत असतो आणि मी केळींसमोर उभा राहून पुढच्या आठवड्याचं बँकिंग शिकवत असतो. "मोठ्याने! शेवटच्या केळीला ऐकू गेलं पाहिजे," तुम्ही ओरडता. मी 'पानी' म्हटलं की हात वर करून थांबवता. "पाणी म्हण. मुंबईची पोरं हसतील." मग तुमच्या घरच्या बाई चहा घेऊन येतात, निघताना वेलची केळी बांधून देतात. खोटं कशाला बोलू, वर्गात उभं राहायचा आवाज मला त्या रविवारांनीच दिला. म्हणूनच तर जास्त जळतं.

त्या दिवशी फळ्यावर दर्शनी हुंडीचं उदाहरण होतं. ती दाखवली की तिथल्या तिथे पैसे द्यायचे. सवलतीचे तीन दिवस मिळतात ते मुदतीच्या हुंडीला. आदल्याच रविवारी हे मी तुमच्या केळींना घोकून दाखवलं होतं. आणि तुम्ही मागून उठलात. "सवलतीचे तीन दिवस कुठे खाल्लेस रे?" वर्ग खो खो हसला. माझं बरोबर होतं, सर! पण तुम्ही गुरू, त्यात आपल्याकडचे. भर वर्गात तुम्हाला चूक कसं म्हणू? मी डस्टर उचललं, बरोबर उत्तर पुसलं आणि चुकीचं लिहिलं.

शेरा आला, "उत्तर बरोबर असूनही ठाम राहत नाही. आणखी एक वर्ष पाहावे." मी तुमच्या खोलीत धावलो. तुम्ही पानाला चुना लावत म्हणालात, "अरे, परीक्षा घेत होतो तुझी." परीक्षा! वडील रोज संध्याकाळी ओसरीवर विचारायचे, "पक्कं झालं का रं?" त्याच वर्षात ते गेले. माझी नोकरी पक्की झाल्याचं त्यांना कधी कळलंच नाही. तुम्ही समाचाराला आलात, त्याच ओसरीवर बसून माझ्या पाठीवर हात ठेवलात. तो झटकून टाकावासा वाटला होता. तिथेही मी ठाम राहिलो नाही. तेव्हापासून एकच प्रश्न डोकं खातोय. ती खरंच परीक्षा होती, की तुम्हीच चुकलात आणि मागाहून सावरून घेतलंत?

आता मागच्या बाकावर मी बसतो. गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी चक्रवाढ व्याज शिकवत होती. मी मध्येच उठलो, "अहो बाई, मुदत दुप्पट का केलीत?" ती वळली. हातातला खडूही खाली ठेवला नाही. "नाही सर, माझं बरोबर आहे. व्याज सहामाही आहे, गणित परत वाचा." वर्ग हसला, मला. तास संपल्यावर मी तिला गाठून म्हणालो, "शाब्बास! परीक्षा घेत होतो तुमची." तिचा चेहरा असा उजळला, आणि ती चक्क माझ्या पाया पडली.

तिचा शेरा आज लिहिला. आधी 'उद्धट' लिहिलं होतं, ते खोडून 'ठाम आहे, कायम करावे' केलं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहील इथेच ड्रॉवरमध्ये. पण एक सांगतो, घरी बायकोलाही बोललेलो नाही. तो 'सहामाही' शब्द मी वाचलाच नव्हता.