दहा कुंड्यांचे शेंडे

फ्रायबुर्ग, जर्मनी
९ सप्टेंबर

ती. हर्षलदादास,
योगिनीचा सा. न. वि. वि.

तू फोन कापतोस, म्हणून हे पत्र. निघायच्या आदल्या दिवशी मळ्यात मी तुला अडाणी म्हणाले ते चुकलंच. पण म्हणून बहिणीचा आवाजसुद्धा नको?

मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत राहते त्या केलरबाई सत्तरीच्या आहेत. जेवायला वाढतात, माझं जर्मन सुधारतात, हसत मात्र नाहीत. आपल्या कामाने माणूस जोडता येतो, असं मला वाटायचं. म्हणून काल त्या चर्चला गेल्यावर मी त्यांच्या शेवंतीच्या दहाही कुंड्यांचे शेंडे खुडले. नुसत्या उंच काठ्या होत्या, टोकाला एकेक कळी. फुटवे यावेत म्हणून आपण खुडतो तसंच खुडलं. आभार राहिले बाजूला. बाईंनी कुंड्या पाहिल्या आणि ऑक्टोबरअखेर खोली रिकामी कर म्हणाल्या. त्यांची मुलगी सांगत होती, ती फुलं एक नोव्हेंबरला, म्हणजे इथल्या पितरांच्या दिवशी, तिच्या वडिलांच्या कबरीवर ठेवायची होती.

इथे दुसरी खोली सहा-सहा महिने मिळत नाही. खोली गेली तर मला शिक्षण सोडून परत यावं लागेल. एवढंच लिही, तोवर फुलं येतील ना? तसं बाईंना सांगते.

तुझी (तू मान किंवा नको मानू) बहीण,
योगिनी

सायखेडा
२२ सप्टेंबर

चि. योगिनी हिला आशीर्वाद. आईचे आहेत, माझे धरू नको.

पत्र वाचून लय हसलो. घरात पहिली पदवी तुझी, तीही शेतीची, चौकात बॅनर लावला आम्ही. आणि कळी धरल्यावर शेंडा खुडलास? अगं, त्या बाईने उन्हाळाभर बगलफुटी काढून झाडाला एकच मोठं फूल राखलं असणार. आपण किलोवर विकतो, आपल्याला ढीग लागतो. तिला एकच पाहिजे होतं, नेमकं तेच तू तोडलंस. आता नवा फुटवा येऊन कळी उमलायला अडीच महिने, तोवर तुमच्याकडं थंडीने झाड जळेल. फुलं येणार नाहीत. एकही नाही. बाईला खोटी आशा लावलीस तर तुझी बॅग भरायला मीच येईन.

आणि दुसऱ्याच्या झाडाला न विचारता हात लावायचं कुणी शिकवलं? आपल्या वाफ्यात कुणी असं केलं असतं तर आईने विळा घेऊन गावभर पळवलं असतं. टेम्पोत शेवंतीच्या क्रेटशेजारी बसून नाशिकला कॉलेजात जाताना तोंडाला स्कार्फ बांधायचीस, कुणी ओळखू नये म्हणून. तिथं जाऊन बरी शेतकरीण झालीस!

आई विचारते, भाकरी मिळते का. मी मिळते म्हणून सांगितलंय. खरं काय ते तिला वेगळं लिही.

पुढं लिहिण्यासारखं काही नाय.
हर्षल

फ्रायबुर्ग
३ नोव्हेंबर

ती. दादास नमस्कार. आईला वेगळा, वाकून.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाईंना सांगितलं, फुलं येणार नाहीत. त्या म्हणाल्या, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तुला महिना लागला. मी माफी मागितली, तर ती काय कुंडीत लावू, असं त्यांनी विचारलं. मग अट घातली: एक तारखेला मी सोबत यायचं, त्याच कुंड्या कबरीवर ठेवायच्या, आणि जो विचारेल त्याला माझ्या तोंडाने सांगायचं. खोलीचं त्यानंतर बघू.

परवा गेलो. हातगाडीवरून कुंड्या मीच ओढत नेल्या. आजूबाजूच्या कबरी फुलांनी झाकलेल्या, आमच्यापुढे दहा काठ्या. सात जणांनी विचारलं. सातही वेळा मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की न विचारता मीच खुडल्या, आणि मी फुलं पिकवणाऱ्यांची मुलगी आहे. एक आजोबा म्हणाले, मग तुला कळायला नको होतं का? कळायला हवं होतं, म्हणाले मी. बाई शेजारीच उभ्या होत्या. माझं एक क्रियापद चुकलं, तेवढं त्यांनी दुरुस्त केलं.

परतताना त्या दहा पावलं पुढे चालल्या. निघण्याआधी सकाळी त्यांनी मला बॅग भरून दाराशी ठेवायला लावली होती. घरात शिरताना त्यांनी ती पायाने जिन्याकडे सरकवली, आणि वर तूच ने, माझी कंबर दुखते, म्हणाल्या.

लोभ उरला नसेल तर शिव्या तरी पाठवत राहा. मात्र पानभर असाव्यात.

तुझी,
योगिनी