एकेलसीलची पाटी

३ मार्च

आज मेलपेटीत आठ पत्रं. सगळ्यांचा सूर एकच – शोध फार हळू चालतो, कधी दुरुस्त करणार? एक कोरियातून, एक चिलीतून. नमस्कार नाही, खाली नाव नाही. बावीस वर्षं या लोकांचं फुकट काम करते आहे मी. थकले.

लिबप्रील, म्हणजे लोक आपापल्या प्रोग्रॅमला जोडतात ती आमची लायब्ररी, काही मोठं प्रकरण नाही. बंदराचं नाव द्यायचं, ती त्या बंदराच्या भरती-ओहोटीचे आकडे काढून देते. बस्स. माझा जुना सहकारी ओक्को, त्यानं आणि मी ती सी भाषेत लिहिली तेव्हा आत चाळीस बंदरं होती, सगळी आमच्याच किनाऱ्यावरची. आता साडेनऊ हजार आहेत, आणि आतली रचना तीच – एक लांब साखळी. प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता. शोधणारं फंक्शन डोक्याकडून निघतं, एकेक दार वाजवत जातं, नाव जुळलं की थांबतं. बंदर शेपटीला असेल तर साडेनऊ हजार दारं वाजवायची.

लिहिता लिहिता चहा गार झाला. आठ वाजता कचेरी.

५ मार्च

साखळीत नोंद घालणाऱ्या फंक्शनवर ओक्कोची जुनी टीप आहे. "नवी नोंद नेहमी डोक्याशी. शेपटीला कधीही नाही. – ओ." का, ते लिहिलेलं नाही. ओक्कोचं हे कायमचं. त्याला जे दिसतं ते सगळ्या जगाला दिसतं असं तो धरून चालतो.

तीन वर्षांपूर्वी मी म्हणाले होते, साखळी मोडून कप्पे करू या. तर म्हणाला, "तू लेअरची, आतल्या गावची. तुला समुद्रातलं काय कळतंय?" तीस वर्षं इथे राहते मी, पंचवीस वर्षं बांध मंडळाच्या कचेरीत पाण्याचेच आकडे भरते, तरी लेअरची ती लेअरचीच. मग मीही बोलले. "कानांबरोबर तुझी अक्कलही गेली," असं म्हणाले. ओक्कोला तेव्हा जवळजवळ ऐकू येईनासं झालं होतं. पण तेवढं वाक्य त्यानं माझ्या ओठांवरून बरोबर वाचलं. टोपी घातली आणि गेला.

तेव्हापासून लायब्ररी माझ्या एकटीच्या गळ्यात. फोन तो घेऊ शकत नाही, लिहू मात्र शकतो. तीन वर्षांत एक ओळ नाही. समोरच्या बेटावर राहतो, फेरीनं चाळीस मिनिटं. मीही गेले नाही.

९ मार्च

सुरुवात केली. रोज सकाळी कचेरीआधी दोन तास.

आता नावावरून एक आकडा काढायचा, त्या आकड्याचा कप्पा उघडायचा, आत दोन-तीन नोंदी असतील तेवढ्याच बघायच्या. साडेनऊ हजार दारांऐवजी तीन. वीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं हे.

हे झालं की मी सुटणार. चौथी आवृत्ती काढायची, लायब्ररी दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची. सत्तावन्न वय झालं. सकाळी उठून नुसता चहा प्यायचाय मला. तीन कप, खडीसाखर घालून, वर साय सोडून, न ढवळता, एकाही अनोळखी माणसाचं पत्र न वाचता.

१४ मार्च

आतली रचना कुणी बघू नये म्हणून वेगळ्या फाईलमध्ये ठेवली होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं – हात लावू नका. अर्धं जग आत हात घालून बसलंय, रचना बदलली की त्यांचे प्रोग्रॅम मोडणार. डोक्याला ताप.

१९ मार्च

एक बारीकसा प्रश्न होता. एकच नाव दोनदा आलं तर काय करायचं? पण एकच बंदर कोण कशाला दोनदा घालेल? घातलंच तर ती चूक. जुनी नोंद आहे तिथे राहू दे, नवी तिच्या मागे. एका ओळीत मिटवलं.

आज बरं वाटलं जरा.

२८ मार्च

चौथी आवृत्ती दिली सोडून. सहाशे बारा तपासण्या, सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. शोध साठपट जलद. सोबत सूचनाही लावली – जूनअखेर मी थांबते आहे, ज्याला हवी त्यानं लायब्ररी घ्यावी.

दुपारी बंदरावर जाऊन कोळंबी घातलेला पाव खाल्ला. पायऱ्यांवर बसून, उन्हात.

२९ मार्च

कौतुकाची पत्रं. चिलीवाल्यानं या वेळी नावसुद्धा लिहिलंय.

ओक्कोकडून काही नाही. कौतुक राहू दे, निदान शिव्या तरी घालायच्या. त्याचीच साखळी मोडली मी!

४ एप्रिल

माझ्या सूचनेखाली एकतीस जणांनी लाल बदाम लावलेत. मी घेतो असं म्हणणारा एकही नाही.

११ एप्रिल

हिल्केचा फोन आला तेव्हा मी कचेरीत होते. हिल्के म्हणजे बेटावर जाणाऱ्या फेरीची कप्तान. अठरा वर्षं तीच नेते. आज सकाळी आठला तिची फेरी वाळूत रुतली. त्रेसष्ट माणसं वर. ओहोटी लागलेली, पाणी खाली खाली जातंय, आणि बोट चिखलात कुशीवर कललेली. पुढची भरती चढेपर्यंत सात तास तशीच. कुणाला लागलं नाही. एका म्हातारीला चक्कर आली, तिला हेलिकॉप्टरनं उचलून नेलं.

"टोमके, एक विचारू?" हिल्के म्हणाली. आवाज अगदी शांत. "हिवाळ्यातल्या वादळानं खाडीच्या तोंडाशी वाळू चढली, चाळीस सेंटिमीटर. तेवढी दुरुस्ती मी फेब्रुवारीत स्वतःच्या हातानं घातली. एकेलसील, आपलं हे बंदर, नवे आकडे. दोन महिने बरोबर दिसत होतं. आज तुझ्या त्या डब्यानं मला जुना आकडा दाखवला."

"बोटीवरच्या संगणकात लायब्ररी कधी बदलली?"

"मला काय माहीत? कंपनी बदलते. मी बोट चालवते."

मी म्हटलं, बघते. ती म्हणाली, "बघ. कंपनीवाले म्हणतायत मी दुरुस्ती घातलीच नाही."

१२ एप्रिल

पाच मिनिटं लागली. फक्त पाच.

एकेलसील कप्प्यात दोनदा आहे. एक आमची मूळची नोंद, छापील तक्त्यातली. तिच्या मागे हिल्केची. फंक्शन पहिल्या नोंदीपाशी थांबतं आणि परत फिरतं. हिल्केची दुरुस्ती आत आहे, जशीच्या तशी, आणि तिच्यापर्यंत कुणी पोचतच नाही. जुन्या साखळीत नवी नोंद डोक्याशी यायची, म्हणून तीच आधी सापडायची. नवी डोक्याशी, शेपटीला कधीही नाही.

सहाशे बारा तपासण्या, सगळ्या मीच लिहिलेल्या. एकीतही एक नाव दोनदा नाही.

दुपारी बंदरावर गेले. बांधातून पाणी सोडणाऱ्या झडपघराच्या भिंतीवर छापील भरतीचा तक्ता आहे, काचेत. त्याच्यावर खिळ्याला एक पाटी टांगलेली असते. बंदर-अधिकारी रोज सकाळी खडूनं लिहितो – आज वारा असा, पाणी इतकं कमी धरा. इथलं शेंबडं पोरही आधी पाटी वाचतं, मग कागद. ओक्कोचा बाप इथलाच बंदर-अधिकारी होता. एकतीस वर्षं त्यानं ही पाटी लिहिली.

तीस वर्षं मी या पाटीखाली उभी राहून पाव खातेय.

१३ एप्रिल

दुरुस्त केलं. शेपटीऐवजी डोक्याशी. एक ओळ. नवी आवृत्ती काढली, जुनी वापरू नका म्हणून सगळीकडे लिहिलं. कोरिया, चिली, सगळीकडे. आणखी कुठे कुणाची पाटी खाली गेली असेल कोण जाणे.

१६ एप्रिल

हिल्केला बोटीवरून उतरवलंय. चोवीस तारखेला चौकशी. परवाना गेला तर तिला दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही करायचंही नाही.

कचेरीत श्टेफेन म्हणाला, "तू गप्प बस. फुकट दिलेल्या वस्तूची हमी नसते. लायब्ररीच्या परवान्यातच लिहिलंय, मोठ्या अक्षरांत." खरंच लिहिलंय. मीच ते दर फाईलच्या डोक्यावर चिकटवलंय, बावीस वर्षं. आज पहिल्यांदा नीट वाचलं. कशालाही योग्य असल्याची हमी नाही, असं लिहिलंय. मला माझीच लाज वाटली.

गप्प बसणार नाही. कंपनीच्या वकिलाला सगळं लिहून पाठवलं.

१८ एप्रिल

वकिलाचं उत्तर आलं. फार सभ्य. एक नाव दोनदा घालता येतं असं लायब्ररीच्या माहितीपत्रकात कुठे लिहिलंय ते दाखवा. नसेल, तर कप्ताननं लायब्ररी चुकीची वापरली. आता घटनेनंतर तुम्ही मैत्रिणीसाठी काहीही लिहाल.

माहितीपत्रकात नाही. मी ते कधी लिहिलंच नाही, कारण मला ते ठाऊकच नव्हतं. ओक्कोच्या टिपेत डोकं आहे, शेपटी आहे, कारण नाही.

हिल्केला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

२० एप्रिल

बेटावर गेले. फेरीवर बदली कप्तान होता, कुणाशी न बोलणारा.

ओक्कोनं दार उघडलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, पण ऐंशीचा दिसतो. मला बघून इथला नेहमीचा नमस्कार केला, "मॉइन," आणि आत जाऊन किटली ठेवली. जणू मी गेल्या आठवड्यातच येऊन गेले होते. टेबलावर एक वही ठेवली, पेन्सिल ठेवली. मी लिहायचं, त्यानं बोलायचं.

मी सगळं लिहिलं. दोन पानं. तो चष्मा कपाळावर चढवून वाचत होता. वाचून झाल्यावर खडीसाखर कपात टाकली, वर चहा ओतला, साखर तडकते ती त्याला ऐकू येत नाही तरी कान तिकडे नेला.

"पाटी," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"मला वाटलं तुला ठाऊक आहे. हे काय लिहून ठेवायचं? दाराला कडी आतून असते असं कुणी लिहून ठेवतं?"

मी लिहिलं – चौकशीसाठी दोन ओळी दे. नवी नोंद जुनीच्या वर, हाच पहिल्यापासूनचा बेत होता, एवढंच.

"आज दिल्या तर तो वकील तुला म्हणाला तेच मला म्हणेल. घटनेनंतरच्या. त्यांना घटनेआधीचं काहीतरी हवं." साय सोडली, कप माझ्याकडे सरकवला. "आणि आधी मी लिहिलंय की."

कुणाला, मी लिहिलं.

"तुला. कुणाला म्हणजे? तपासणीसुद्धा लिहून पाठवली होती. सहा ओळींची. एक नाव दोनदा. तू कधी उत्तर दिलं नाहीस. मी म्हटलं, राग आहे अजून. असू दे."

मी मोठ्या अक्षरांत लिहिलं – मला तुझं एकही पत्र आलेलं नाही.

त्यानं ते वाचलं. किटली उचलली. मग म्हणाला, "चहा पी. तीन कप झाल्याशिवाय या घरातून कुणी जात नाही." तिन्ही प्याले. तीन वर्षांपूर्वी मी जे बोलले होते त्याची माफी वहीत लिहिली. त्यानं ते पान फाडून खिशात घातलं. हिल्केचा विषय परत निघाला नाही.

परतताना अख्ख्या फेरीभर तेच. तो खोटं बोलणारा माणूस नाही. म्हातारपणी चुकीच्या पत्त्यावर पाठवत असेल, असं वाटलं.

२१ एप्रिल

पत्ता बरोबर होता. त्या हिवाळ्यात, त्याचं नाव दिसलं तरी चिडचिड होते म्हणून, त्याची पत्रं परस्पर बाजूला टाकायचा नियम मीच मेलपेटीला लावला होता. महिन्याभरात काढणार होते. कप्प्याला नावही दिलं होतं – 'नंतर'. आज उघडला. सतरा पत्रं. पहिल्यात ती सहा ओळींची तपासणी. शेवटचं यंदाच्या २९ मार्चचं, बोट रुतण्याच्या तेरा दिवस आधीचं –

"टोमके, नवी आवृत्ती पाहिली. पाटी कागदाच्या मागे गेली आहे. ज्यांनी आपापली दुरुस्ती घातली आहे त्यांना ती आता दिसणार नाही. कुणाची तरी बोट रुतेल. आजच मागे घे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. – ओ."

वकिलाला पाठवलं, तारखेसकट. हिल्केलाही.