पाव इंच

३ सप्टेंबर

पुन्हा पाव इंच! गुंडी शाळेत गेली की तिचा धुतलेला दुसरा फ्रॉक घ्यायचा, कमरेजवळची शिवण उसवायची आणि जरा बाहेरून टीप मारून तो सैल करायचा. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की जुन्या टाक्यांची रेघ पुसून जाते. वाफेत सगळी खोली तरंगल्यासारखी वाटते. मीही. या वर्षातली ही तिसरी वेळ.

शाळेतून चिठ्ठी आली आहे — वय नऊ, वजन वयाच्या मानाने जास्त. बटणांच्या डब्यात तळाशी दडवली. लहानपणी मामी मला चारचौघांत ‘ढब्बू’ म्हणायची. अजून आरशापुढे उभी राहिले की तिचा आवाज ऐकू येतो. माझ्या लेकीच्या कानावर असलं काही पडायला नको. तिला वाईट वाटू नये, बस्स.

६ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंकडे एकटीच जाऊन आले. ‘उपाशी ठेवू नका हं! आणि तिला एकटीला पथ्य नको, सगळ्या घराचं ताट बदला. रोज तासभर हुंदडू दे. उंची वाढेल तसं वजन मापात येईल. घाई नको.’

ह्यांना सांगितलं. ‘वाढत्या अंगाची पोर आहे, खाऊ दे की!’ — आणि बाटलीतलं गोड सरबत स्वतःच घटाघटा प्यायले!

७ सप्टेंबर

दुपारी मशीनवरच डोळा लागला. स्वप्नात गुंडीचं माप घेत होते. टेप संपेचना. आणि ती पिसासारखी वर, वर... टेपचं टोक तेवढं माझ्या हातात. हसत होती. 

१४ सप्टेंबर

शिवलेले कपडे पोचवायला आता मुद्दामच स्कूटर नाही. दोघी पायी. चढावर ती मटकन बसली. ‘आई, माझे पाय संपले.’ माझे तर केव्हाच संपले होते! समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या — फुगायच्या, खाली बसायच्या, पुन्हा फुगायच्या. आम्ही बघत बसलो. कुणाला कसली घाई नव्हती. मग उतारावरून ती जी सुटली! वेण्या हवेत.

१९ सप्टेंबर

जेवताना टीव्ही बंद. गोड बाटल्या बंद. ह्यांचं तोंड एवढंसं! पण आज आपणहून गाजरं सोलायला बसले. त्यातली निम्मी गुंडीनं तिथंच फस्त केली.

२३ सप्टेंबर

दोरीवरच्या उड्या — अकरा.

२ ऑक्टोबर

उड्या चाळीस!!

संध्याकाळी माझ्या शेजारी बसून बाहुलीचा झगा शिवते. धावदोरा शिकवला. निळा दोरा, टाके हे एवढाले, वाकडेतिकडे. ‘आणि उसवायचं कसं गं?’ तेही दाखवलं. मग बटणांचा डबा घेऊन बाहुलीसाठी बटणं शोधत बसली. मी गुणगुणत होते.

९ ऑक्टोबर

फ्रॉक सैल झाला! आपणच आली, कमरेत दोन बोटं घालून दाखवली. ‘बघ ना आई, झाले की नाही बारीक?’ आणि मी तर महिनाभर शिवणीला हातसुद्धा लावलेला नाही! जीव भांड्यात पडला. तिला उचलायला गेले, उचलेना, दोघी फतकल मारून हसत सुटलो. दिवसभर पाय जमिनीला लागत नव्हते.

चिठ्ठी फाडून टाकायला डबा उघडला. सगळ्यात वर होती. मी तळाशी ठेवली होती ना?

१२ ऑक्टोबर

खालची दुमड सुटली म्हणून फ्रॉक उलटा केला. कमरेजवळ माझी टीप नव्हतीच. टिपेच्या जागेच्याही बाहेर, अगदी कापडाच्या कडेला, निळा दोरा. लांब लांब, वाकडे टाके.

हाक मारली. रागावले नाही. फ्रॉक नुसता पुढे धरला. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली.

‘तुला वाईट वाटू नये म्हणून,’ म्हणाली.