नदाव अभ्यासात आहे

दिमोना,
सोमवार, २ ऑगस्ट १९९९

ती. सिपोराताईस,
नहूमचा शालोम आणि नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्यांना तेल लावतेस का? माझी गिरणीतली पाळी आता दुपारची आहे, त्यामुळे झोप बरी लागते. मिल्का ठीक आहे. इकडे सर्व ठीक आहे, असं मी दर पत्रात लिहितो. आज ते वाक्य लिहून पुढे जाता येत नाही.

परवाच्या शुक्रवारी सकाळी मी भिजवलेल्या मनुका कुस्करल्या, फडक्यातून गाळल्या आणि रात्री प्याला उचलून किद्दुशची प्रार्थना म्हणायची, त्यासाठी शरबत केला. इथे द्राक्षाचा रस बाटलीत मिळतो, पण आपले बाबा करायचे तसा केल्याशिवाय मला शब्बाथ आल्यासारखा वाटत नाही. गाळून झाल्यावर तो टेबलावर न ठेवता मी बरणीत भरला आणि चपला घातल्या.

"अहो, कुठे?" मिल्काने विचारलं.

"अश्दोदला."

ती आत गेली आणि माझा धुतलेला सदरा पिशवीत घालून घेऊन आली. शुक्रवारी दुपारनंतर इथे शब्बाथच्या विसाव्यासाठी बस बंद होतात. सकाळी गेलेला माणूस शनिवारी तारे दिसल्यावरच परत फिरतो, हे तिला ठाऊक आहे.

"तूही चल," मी म्हटलं.

"मी दर रविवारी जाते. आता तुमचे तुम्ही जा."

ताई, अश्दोदला मिल्काची बहीण शुलामीथ राहते. आमचा नदाव तिच्याकडे आहे. आठ महिने झाले. तुला मी दर वेळी लिहिलं, नदाव अभ्यासात आहे. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हजानांनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं.

झालं ते असं. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी मिल्काचा भाऊ हनोख जेवायला होता. नारळाच्या रसातलं माशाचं कालवण होतं. तुला हनोख माहीत आहे, तोंडात घास असला तरी जीभ थांबत नाही. तो नदावला म्हणाला, "काय रे, वर्षभरात सैन्यात जाणार. तिथे पोरीच पोरी! एखादी आणशील ना मामाला दाखवायला?"

नदाव हसला नाही. त्याने पाव खाली ठेवला आणि म्हणाला, "मामा, मला मुली आवडत नाहीत. मला मुलगे आवडतात. आईला माहीत आहे. बाबा, आज तुम्हालाही सांगतो."

त्याचं मराठी तुटकं आहे, पण हे तो अगदी सरळ बोलला. पाठ करून आला असावा.

हनोख म्हणाला, "भावोजी, हे या देशाचं पाणी! आपल्या कोकणात असलं काही होतं का?" मिल्का म्हणाली, "हनोख, जेव." मी कालवण वाढून घेतलं. ताई, मी ओरडलो नाही, हात उगारला नाही. पुष्कळ दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो, की मी काहीच केलं नाही.

पण पुढच्या शुक्रवारी केलं. किद्दुशच्या आधी बाप मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखा करो. आपले बाबा तापाने फणफणलेले असतानाही उठून बसायचे आणि माझं डोकं जवळ ओढायचे. नदाव नेहमीसारखा माझ्यासमोर येऊन मान खाली घालून उभा राहिला. मी प्याला उचलला आणि सरळ किद्दुश म्हणायला लागलो.

किद्दुश लांब असतो. तो संपेपर्यंत पोराने मान वर केली नाही. रविवारी तो मावशीकडे गेला.

आपल्या पवित्र तोरात पुरुषाने पुरुषापाशी जाण्याबद्दल काय लिहिलं आहे ते मला पाठ आहे. आठ महिने मी तीच ओळ वाचत होतो, जणू रोज वाचली तर एखाद्या सकाळी ती वेगळी निघेल. ती तशीच आहे. नदावही तसाच आहे. दोन्ही देवाकडूनच आलं, एवढंच मला कळतं. त्यांचा मेळ घालणं माझ्या चौथीपर्यंतच्या शाळेच्या पलीकडचं आहे.

या आठ महिन्यांत मिल्का माझ्याशी भांडली नाही. ताट वाढते, गोळी आठवणीने देते. पण शुक्रवारी टेबलावर आम्ही दोघंच बसलो, की ती मेणबत्त्यांकडे बघत जेवते. घर लहान आहे, तरी हाक मारली तर पोचणार नाही असं वाटतं.

अश्दोदला पोचेपर्यंत बरणी बसमध्ये अर्धी गळली. सदऱ्यावर डाग पडले. दार नदावनेच उघडलं. तो उंच झाला आहे.

"बाबा? आई बरी आहे ना?" त्याला वाटलं, काहीतरी झालं.

सूर्य बुडायच्या आधी शुलामीथने मेणबत्त्या लावल्या. मी नदावपाशी गेलो आणि हात वर केला. तो एक पाऊल मागे सरला.

"नको, बाबा."

"राग आहे अजून?"

"राग नाही. त्या दिवशी मी मान खाली घालून उभा होतो. आता मान खाली जात नाही." मग त्याने विचारलं, "तुम्ही कोणाला सांगितलंत माझ्याबद्दल?"

"कोणालाच नाही."

"आत्याला?"

"नाही."

"मग आत्याला काय वाटतं, मी कुठे आहे?"

"अभ्यासात आहेस."

तो हसला. "आठ महिने! आत्या म्हणत असेल, पोरगं डॉक्टर होऊनच बाहेर येणार." शुलामीथही हसली. मला हसता आलं नाही. मग तो हळूच म्हणाला, "बाबा, हात नंतर ठेवा. आधी कोणाला तरी खरं सांगा. लपवून ठेवलेल्या पोराला आशीर्वाद कसा देणार?"

मी तिथे पाहुण्यासारखा जेवलो. नदावने मला भात वाढला, दोन वेळा. शनिवारी आम्ही समुद्रापर्यंत चालत गेलो. तो फार बोलला नाही. एका मुलाचं नाव त्याच्या तोंडून दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "तो कुठला?" तो म्हणाला, "हैफाचा." तेवढंच झालं. पण विचारलं मी.

शनिवारी रात्री घरी आलो. रविवारी सकाळी हनोखला फोन केला आणि म्हटलं, "नदावला मुलगे आवडतात. तो माझा मुलगा आहे. यापुढे माझ्या टेबलावर थट्टा करायची नाही." तो म्हणाला, "भावोजी, बरे आहात ना?" मी म्हटलं, "बरा नाही. पण हे खरं आहे." त्याने फोन ठेवला. पुन्हा जेवायला येईल की नाही, सांगता येत नाही.

मग तुझी पाळी आली. ताई, तुला सांगणं मला सगळ्यात जड होतं, कारण आई गेल्यावर तू मला वाढवलंस आणि तुझ्यापाशी मी लहानपणी कधी खोटं बोललो नाही. तू रागावशील, रडशील, कदाचित वर्षभर पत्र पाठवणार नाहीस. तो तुझा हक्क आहे. पण नदाव अभ्यासात नाही. नदाव असा आहे, आणि मी त्याचा बाप आहे. हे मी माझ्या अक्षरात लिहिलं आहे. मिल्काला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं आणि पाकिटावर तुझा पत्ता स्वतः लिहिला. आता पोस्टात चाललो आहे.

तुझा धाकटा भाऊ,
नदावचा बाप,
नहूम