ओठ जुळतो तो आठवडा

आत्याबाई, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि तुमच्या मुलाला सहा. त्यांच्यावर मला रागावता येत नाही, आठवण आली की डोळेच भरतात. म्हणून दोघांच्या वाट्याचा राग मी तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. तुम्ही सासू होता तोवर तुमच्यासमोर चार वाक्यं सलग बोलले नाही. आता ऐका.

ते गेल्यावर दुपारचं घर खायला उठायचं. मग नल्लकुंट्याहून चालत नारायणगुड्याला जायला लागले. तिथल्या ग्रंथालयात मराठीचं एकच कपाट आहे, ते मी खालच्या खणापासून वाचायला घेतलं. सातवी पास बाईला जमेल तसं. दुसऱ्या वर्षी एक जुनं पुस्तक हाती लागलं. बीजात रोप कसं तयार होतं, अंड्यात पिल्लू कसं, पोटात मूल कसं, असं सगळं चित्रांसकट. घरी येऊन मी भिजवलेला शेंगदाणा उकलला. दोन पाकळ्यांच्या बेचक्यात एवढंसं रोप बसलेलं, मिटलेल्या पानांसकट. जन्मभर कूट करताना ते टोक मी पाखडून टाकत आले. कोंबडीच्या अंड्यात तिसऱ्या दिवशी लाल ठिपका धडधडायला लागतो, तेव्हा पिल्लाला ना चोच असते ना पंख. हे वाचताना तुमची आठवणही नव्हती. मग चेहऱ्याचं पान आलं.

चेहरा एकसंध येत नाही, आत्याबाई. दोन्ही बाजूंनी मांसाचे बारीक उंचवटे वाढत मध्याकडे येतात आणि एकमेकांना चिकटतात. माणसाचा वरचा ओठ असा सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो. नाही जुळला तर फट राहते. कुणी कापलेलं नसतं. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि तिथेच बाकावर बसून बोटांवर मोजत राहिले.

दिवाळीतलं ते ग्रहण सकाळचं होतं. तुम्ही मला आतल्या खोलीत निजवलं होतं, हातपाय सरळ, काही चिरायचं नाही, गाठ मारायची नाही. पण तुमच्या मुलाचं पित्त खवळलं होतं. तुम्ही गच्चीवर जप करत होता आणि ते मोरीत ओकत होते. मी उठले, एक लिंबू चिरलं, सरबत करून दिलं आणि परत निजले. विळीवर लिंबाचं बी चिकटून राहिलं, त्यावरून तुम्ही ओळखलंत. तेव्हा काही बोलला नाहीत. माघात मुलगी झाली, वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला, तेव्हा दवाखान्यातच सगळ्यांसमोर म्हणालात, "हिनं ग्रहणात कापलं. पोरीला कापलं."

त्या दिवसापासून तुमच्या घरात मी विळीला हात लावला नाही. भाजी तुम्ही चिरायच्या, मी फोडणी द्यायची. पोरीचा ओठ डॉक्टरांनी शिवला, बारीक रेघ तेवढी राहिली. तरी हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला तुम्ही ती रेघ दाखवायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. पोरगी ऐकायची. नऊ वर्षांची होती तेव्हा वेणी घालून घेता घेता तिनं विचारलं, "मम्मी, तू मला कायकू कापलीस?"

मी वेणी घालत राहिले. मलाही तसंच वाटत होतं.

आता हिशेब साधा आहे. त्या ग्रहणाला मला सहावा महिना होता. पोर पोटात लाथा मारत होती. तिच्या ओठाचं जे व्हायचं ते चार महिने आधीच होऊन गेलं होतं, मला दिवस गेलेत हे कळायच्या सुमारास. आणि गल्लीतल्या कुठल्या बाईला कितवा लागलाय हे तर तुम्हीच सांगायच्या, बोटांच्या पेरांवर, कधी चुकला नाहीत.

पुस्तकात आणखी एक ओळ आहे. अशी फट काही वेळा घराण्यातून येते. ती वाचली आणि तुमचे भाऊ डोळ्यांसमोर आले. अंबरपेठचे मामा, जाड मिशीचे. तुमची आई गेली तेव्हा दहाव्याला केस आणि मिशी उतरवून ते दारात आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी होते. त्यांच्या वरच्या ओठावर नाकापर्यंत गेलेला व्रण होता, वेडावाकडा शिवलेला. तुम्ही घाईघाईनं तुमच्या खांद्यावरचा पंचा त्यांना दिलात, "तोंडावर धर, ऊन लागेल." ते ओसरीच्या सावलीत उभे होते. पोर तेव्हा पाच वर्षांची होती. तेव्हा मला काही सुचलं नाही, भोळी होते. मामा पोरीला नेहमी मांडीवर घ्यायचे, तेवढं मात्र लक्षात होतं.

गेल्या आठवड्यात पोरीला स्कॅनला घेऊन गेले. तिला पाचवा लागलाय. डॉक्टरीणबाईंनी तिच्या ओठाकडे बघून घरात आणखी कुणाला होतं का असं विचारलं. पोरगी नाही म्हणाली, आणि तिचा हात आपोआप ओठावर गेला. मी म्हटलं, "होतं. हिच्या आजीच्या सख्ख्या भावाला." डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. तुमचं माहेर कागदावर चढलं, आत्याबाई, आणि मला इतकं बरं वाटलं की सांगायची सोय नाही. बाळाचा ओठ जुळलेला आहे. पडद्यावर दाखवला.

परत येताना ऑटोत मी पोरीला सगळं सांगितलं. सातवा आठवडा, सहावा महिना, मामांची मिशी. मग माझा हात तिनं मांडीवर ओढून घेतला आणि विचारलं, "मग आजीला मालूम होतं?"

मी म्हटलं, "हौ."

ती रडली आणि तुमच्याविषयी असं काही बोलली की मला थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही. घरी येऊन तिनं तुमचा फोटो उतरवला, तेव्हा मीच स्टूल धरलं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथं लिहिते. तुम्हाला माहीत होतं की नाही, हे मला माहीत नाही. मामांच्या वेळी तुमच्या आईलाही कुणी ग्रहणच सांगितलं असेल, आणि तुम्ही ते मनापासून खरं धरलं असेल. ऑटोत हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं होतं. तरी मी हौ म्हटलं. आणि पोरीला अजून दुसरं काही सांगितलेलं नाही.