शेवटच्या फेरीतलं फुसकं काडतूस

प्रिय मेहुणेबुवा,

फोनवर तू तीनदा निकाल विचारलास आणि तिन्ही वेळा मी ‘पत्रात कळवतो’ म्हणालो. तिसऱ्या वेळी तू जी ठेवणीतली शिवी हासडलीस, ती शेजारी बसलेल्या तुझ्या बहिणीनंही ऐकली आणि खूश झाली. म्हणाली, दादाचा आवाज ठणठणीत आहे, म्हणजे गुडघा फार दुखत नसावा. तर निकाल याच पत्रात आहे, पण त्यासाठी जरा दम धरावा लागेल. जन्मभर पंपाच्या मोटारी दुरुस्त केल्या, पण बिघाड समजावून दिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात बिल ठेवलं नाही. ती खोड आता काय जाणार? अक्षर जरा बारीक आलंय, तेवढं चालवून घे.

एवढा नेमबाजीचा आंतरराष्ट्रीय सामना आपल्या घरच्या मैदानावर भरला आणि तूच नव्हतास, हे काही बरोबर झालं नाही. फळ्यांच्या भिंती, त्यांत दारं-खिडक्या, मागे लोखंडी चकत्या, मधूनच हवेत उडणाऱ्या मातीच्या थाळ्या. धावायचं, दिसेल ते पाडायचं, आणि धावता धावताच बंदुकीत काडतुसं भरायची. पण खरी मजा फेरीच्या आधीच्या तालमीत. बंदूक पेटीत, हात मोकळे, आणि देशोदेशीचे टकले, पोट सुटलेले बाप्ये नुसती बोटं रोखून दारामागून डोकावतायत, तोंडानं मोजतायत. चोर-पोलीस खेळताना कुणी बघितलं तर नातवंडं घरात घेणार नाहीत! आमच्या तुकडीत एक सोनेरी दाढीवाला होता. त्याला माझी भाषा कळेना, मला त्याची. पण माझ्या जुन्या, हातानं दांडा ओढायच्या बंदुकीकडे बघून त्यानं असं काही तोंड केलं, जसं तू माझ्या लग्नात माझ्या बुटांकडे बघून केलं होतंस. पहिल्या दिवशी संध्याकाळी साठीच्या वरच्या गटात मी दुसरा होतो, तेव्हा त्यानंच येऊन माझ्या पाठीत गुद्दा घातला. सगळी तू घरी तुझ्या यंत्रावर भरून दिलेलीच काडतुसं बरं का. एकेक आवाज कसा खणखणीत, एका सुरातला.

मग दुसऱ्या दिवशीची शेवटची फेरी. पंचाचं वेळ मोजायचं यंत्र टीं करून वाजलं आणि मी सुटलो. पहिली खिडकी साफ, दार साफ, थाळी हवेतच फुटली. अशी फेरी माझ्या हातून आयुष्यात झाली नव्हती. कोपऱ्यावर वळून चाप ओढला आणि नेहमीच्या दणक्याऐवजी कानावर आलं नुसतं ‘फुस्स’. दिवाळं निघालेल्या माणसानं सोडलेल्या उसाशासारखं. हात तर सवयीचे गुलाम. त्यांनी दांडा मागे ओढून पुढे केलासुद्धा, नवीन काडतूस नळीत बसलं, बोट चापावर गेलं. पण कान म्हणाले, थांब. तुला माहीत आहे, पाण्याखालच्या पंपाचं बेअरिंग कधी जाणार हे मी वर उभा राहून सांगतो; त्या कानांनी जन्मभर पोट भरलं, त्या दिवशी हात वाचवले. मी बोट काढलं, तेवढ्यात पंचही ओरडला. बंदूक रिकामी करून त्यानं नळीत गज घातला, तर छऱ्यांखालची ती प्लास्टिकची वाटी मध्येच घट्ट अडकलेली. काडतुसात दारूच नव्हती. वर आणखी एक बार टाकला असता तर नळी फुटली असती, आणि हे पत्र तुझ्या बहिणीनं लिहिलं असतं. दाढीवाला पांढराफटक पडला. त्यानं माझे दोन्ही हात धरून, उलटसुलट करून, बोटं बघितली. मग मीच हसत सुटलो. भीतीनं नाही रे, सुटकेनं. नियमाप्रमाणे फेरी तिथेच संपली. दुसऱ्यावरून सातवा. हा घे तुझा निकाल.

घरी येऊन उरलेली काडतुसं एकेक करून कापली. बहुतेक चोख. एकात दारू निम्मी, आणि एकात जवळपास दुप्पट. ज्या माणसानं उभी हयात केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यानं बसवल्या, जो काडतुसाची वाटी दाबण्याआधी प्रत्येक वेळी दिव्याखाली धरून आत बघतो, मला त्या यंत्राला हात लावू देत नाही, ‘तू मोटारवाला, तुझं काम हातोड्याचं’ म्हणतो, त्याच्या हातून हे? हात चुकलेला नाही, हे मला तेव्हाच कळलं. मग मागचं सगळं आठवायला लागलं. घड्याळाचं दुकान तू बंद केलंस, आता मनगटाला घड्याळ कोण बांधतो म्हणालास, आम्ही माना डोलावल्या. चालणं प्रकृतीला चांगलं म्हणून गाडी विकलीस. सरावाच्या दिवशी ‘पडली, पडली!’ म्हणून टाळ्या वाजवल्यास तेव्हा चकती ठाम उभी होती, आणि मेहुण्याची थट्टा करतोय म्हणून सगळे हसले. मीही हसलो. आणि या उन्हाळ्यात तू मला चहा ओतून दिलास. कपाकडे तुझं लक्षच नव्हतं. तू भरत जाणारा आवाज ऐकत होतास. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. ऐकून जगणारा माणूस दुसऱ्या ऐकणाऱ्याला लगेच ओळखतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे परस्पर जाऊन आलो. दिव्याभोवती कडं दिसतं असं तू एकदा बोलता बोलता म्हणाला होतास, तेही सांगितलं. ते म्हणाले, तपासल्याशिवाय शब्द देणार नाही, पण ऐकून तरी मोतीबिंदूच वाटतो, चांगला पिकलेला. काढला की बहुतेकांना पुन्हा लख्ख दिसतं, सकाळी नेलेला माणूस संध्याकाळी घरी. ते ऐकलं आणि गड्या, नळी फुटता फुटता वाचली त्यापेक्षा जास्त हलकं वाटलं. मी काय काय भलतंसलतं मनात आणून बसलो होतो, ते तुला सांगत नाही.

आता हे फोनवर का नाही सांगितलं? फोनवर तू एक विनोद करून विषय उडवला असतास. त्यात तुझा हात कोण धरणार! समोर आलो असतो तर गुडघा पुढे केला असतास. पत्र मात्र तुला वाचता येणार नाही, आणि निकाल कळल्याशिवाय तुला चैन पडणार नाही. म्हणजे ते कुणाकडून तरी वाचून घ्यावंच लागणार, आणि घरात दुसरं आहे कोण? वहिनी, इतका वेळ मोठ्यानं वाचलंत, थोडंच राहिलंय. याच्यावर रागावू नका. तुम्ही घाबराल म्हणून यानं लपवलं, आणि लपवताना चहासुद्धा सांडला नाही, इतका पक्का घड्याळजी. ‘चष्मा सापडत नाही’ म्हणून यानं पत्र तुमच्या हातात दिलं असेल, तर चष्मा शोधू नका, तो त्याच्या खिशातच असणार. आणि तू रे, खाली मान घालून बसू नकोस. माझी दहाही बोटं जागेवर आहेत, त्यांतल्याच पाचांनी हे लिहिलंय. डोळे बरे होईपर्यंत मी विकतची काडतुसं वापरीन आणि प्रत्येक बाराला तुझ्या नावानं खडे फोडीन. त्यानंतर यंत्र तुझं, दिवा तुझा, आणि मोटारवाल्यानं हात लावायचा नाही. गुरुवारी सकाळी गाडी घेऊन येतोय, दोघंही तयार राहा. या खेपेला जिन्यावरच्या माझ्या पावलांवरून ओळख. पुढच्या खेपेला माझे बूट बघून नाक मुरड.

तुझाच,
तुझ्या बहिणीचा नवरा