वर्दीत मिळालेली वस्तू

आबा, आज तुमच्याशी भांडायला बसलोय. तुम्ही होतात तेव्हा ते कधी जमलं नाही. तुमच्यापुढे आवाज चढवायची आपल्या घरात पद्धत नव्हती, आणि चढवला असता तर आईनंच मला उभा सोलला असता. आता मी वयानं तुमच्यापेक्षा मोठा झालोय, तेव्हा मुकाट ऐकून घ्या.

तुम्ही रियासतीच्या बँडात क्लॅरोनेट वाजवायचात. लढाईच्या दिवसांत विमानतळावर परदेशी पलटणीपुढे वाजवायला बँड गेला, तेव्हा तुमची नोटेशनची स्टँडं उचलायला मीही आलो होतो. कार्यक्रम संपला आणि एक काळा अमेरिकन शिपाई तुमच्यापाशी आला. ना त्याला आपली भाषा, ना तुम्हाला त्याची. त्यानं खिशातून माउथ ऑर्गन काढला आणि असा काही ओढून ओढून वाजवला, जशी सासरी निघालेली लेक आईच्या गळ्यात पडून रडावी. त्या वाजवण्याला ब्लूज म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. तुम्ही त्याचा सूर क्लॅरोनेटवर उचललात, तो मोठ्यांदा हसला, तुमच्या पाठीवर थाप मारली आणि बाजा तुमच्या हातात ठेवून निघून गेला. घरी येताना तुम्ही तो मला दिलात. "घे. फुंक वाया घालवू नकोस," म्हणालात. चार वर्षं मी दुसरं काही केलं नाही. माधवगंजातल्या आपल्या जिन्यात बसून तो रडका सूर शोधत राहिलो, आणि शेवटी सापडला तेव्हा तुम्ही आतून "वा!" म्हणालात. तुमची तेवढी एकच वाहवा माझ्या वाट्याला आली.

मग राज्य विलीन झालं. मध्यभारत झाला, फर्मानं गेली आणि ऑर्डरी आल्या. बँड मोडला, सगळी वाद्यं सरकारी कोठीत जमा करा. ज्यांचा जमाखर्च साफ निघेल त्यांना पोलिसांच्या नव्या बँडात घेऊ. तुम्ही दोन दिवस वर्दीची बटणं राखेनं घासत बसला होतात. दुपारचं जेवण झालं, हात धुतलेत आणि शांतपणे म्हणालात, "तो माउथ ऑर्गनही काढून ठेव, उद्या जमा करायचाय." मला आधी थट्टाच वाटली. थट्टा? तुम्ही? "वर्दीत मिळालेली वस्तू सरकारची," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, यादीत नाहीये ती. "यादीत नाही म्हणून आपली होते का?" आई मधे पडली, "अहो, पोराचा जीव आहे हो त्यात." तर तुमचं उत्तर, "जीव असेल. मालकी नाही." असं म्हणून तुम्ही आडवे झालात आणि घोरायलाही लागलात! अहो, ज्यांनी राजवाडे वाटून घेतले त्यांना झोप लागली तर समजू शकतो. पण मुलाच्या तोंडातून बाजा काढून घेऊन बापाला झोप लागते?

दुसऱ्या दिवशी कोठीतला बाबूसुद्धा हसला. "अरे साब, ये तो लिस्ट में है ही नहीं. ले जाओ, बच्चा बजाएगा." आणि तुम्ही, हरिश्चंद्राचे अवतार, टेबलावर बोट ठेवून म्हणालात, "लिखिए. एक नग, मुँह का बाजा." त्यानं लिहिलं. मग क्लॅरोनेटची पेटी उघडली, तर आत माउथपीस, फुंकायचं तोंडच, नाही. तुम्ही पेटी उलटी केलीत, खिसे चाचपलेत, मला तिथंच सोडून घरी धावलात. मी मागे. फळ्या, ट्रंका, देवघरामागची जागा, सगळं धुंडाळलं. आईनं तांदळाचा डबासुद्धा पालथा घातला. परत गेलो तेव्हा बाबू अगदी ओशाळला होता. "साब, मैं क्या करूँ, कमी तो लिखनी पड़ेगी." पावतीवर शेरा पडला. नव्या बँडाची यादी लागली, तिच्यात तुमचं नाव नव्हतं. तुम्हाला कचेरीत फायली बांधायला बसवलं.

मी नई सडकेवर एका लाउडस्पीकरवाल्याकडे लागलो. लग्नात तबकड्या वाजवायच्या. तीन मिनिटांत तबकडी संपायची आणि नाचणारे हात वर करून खांबासारखे उभे राहायचे. मला ते बघवेना. मी दोन यंत्रं शेजारी मांडली, बोटानं एकीचा वेग जरा दाबून दुसरीचा ताल तिच्याशी जुळवला, एकीचा आवाज उतरवत दुसरीचा चढवला. नाच थांबेचना! आपल्या सगळ्या लष्कर भागात बोलबाला झाला माझा. आज माझा नातू हेच करतो, त्याला डीजे म्हणतात. मी सांगायला गेलो तर म्हणतो, "आजोबा, तुम्ही तो ओजी निकले!" ओजी म्हणजे मूळ पुरुष म्हणे.

तुम्ही मात्र आत्याच्या घरच्या लग्नात, भर मांडवात, माझ्या दोन यंत्रांपुढे उभे राहून म्हणालात, "दुसऱ्याच्या फुंकेवर लोकांना नाचवतोस. तुझी फुंक कुठंय?" आयुष्यात तेव्हा एकदाच मी उलट बोललो. म्हटलं, "तुम्हीच कोठीत जमा केलीत!" तुम्ही "माझीही तिथंच आहे," म्हणालात आणि पंगतीत जाऊन बसलात. त्यानंतर राज्य पुन्हा बदललं, कचेरी भोपाळला निघाली, आणि तुम्ही फायलींच्या पेट्यांबरोबर गेलात. कुणी विचारलं की मी तावातावानं सांगायचो, सरकारनं माझ्या बापाचा गळा घोटला. लोक हळहळायचे, मलाही बरं वाटायचं.

तुमच्या माघारी, भोपाळच्या तुमच्या भाड्याच्या खोलीत, बँडाच्या टोपीत ती पावती सापडली. घड्या उघडून उघडून मधून फाटत आली होती. 'माउथपीस कम' या शब्दांखाली तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं: माझी चूक. हे पत्र मी त्या पावतीतच घालून ठेवणार आहे. कुठं पाठवायचं तुम्हाला?

तुमची चूक नव्हती, आबा. त्या दुपारी तुम्ही घोरत होतात, पेटी उशाशी होती, आणि मी रागानं पेटलो होतो. वाटलं, माझा बाजा जाणार तर तुमच्यालाही तोंड नको. नंतर रोज ठरवायचो की आज सांगू. माउथपीस अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर सगळ्या घरात तो शोधत होतो ना, तेव्हा माझ्या खिशातच होता.